पॉडकास्ट की रील? अहिराणी बँडपुढचा प्रश्न

अहिराणी बँडनं आपली गाणी लोकांपर्यंत न्यायला रील करावी की पॉडकास्ट? रील झटकन पसरते, हे मान्यच. कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या सणाच्या, दिवसांत टाकलेला तीस सेकंदांचा ठेका धुळ्याहून सुरतेच्या आपल्या माणसांपर्यंत रातोरात जाऊ शकतो. पण लोकांच्या ध्यानात ठेका राहतो, बँडचं नाव नाही.

पॉडकास्टला श्रोते हळूहळू मिळतात, पण ते टिकतात. ठिबकच्या नळ्या पसरताना माणूस अर्धा तास निवांत ऐकतो. आजीची ओवी चालीत कशी बसवली, एखादा अहिराणी शब्द का बदलला नाही, हे आधी सांगायचं, मग अख्खं गाणं लावायचं. शब्द, चाल, रेकॉर्डिंग सगळं स्वतःचं असेल तर हक्कांची कटकट नाही. दुसऱ्याचं गाणं वाजवायचं तर परवानगी हवीच.

खर्चाची धास्ती नको. आमच्या पत्र्याच्या खोलीत आवाज फार घुमायचा. भिंतींवर दोन जाड गोधड्या टांगल्या, माइक तोंडापासून वीतभर ठेवला आणि आवाज स्वच्छ आला. भाग होस्टिंगवर, म्हणजे पॉडकास्टच्या फाइली ठेवणाऱ्या सेवेवर, चढवला की एकदा जोडलेल्या आरएसएस फीडमधून, म्हणजे नव्या भागांची यादी पुढे पोचवणाऱ्या दुव्यातून, स्पॉटिफाय, अ‍ॅपलवर आपोआप जातो.

मी पॉडकास्टच निवडेन. रील त्यातूनच कापायची, खाली बँडचं नाव ठळक लिहून.