एए की मेडिसिन व्हील?

दारू सोडायला निघालेल्या नेटिव्ह अमेरिकन माणसापुढे बहुतेक वेळा दोन वाटा असतात: अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमसची (एए) मीटिंग किंवा वेलब्रायटी या नेटिव्ह लोकांच्याच व्यसनमुक्ती चळवळीचं वर्तुळ.

एए 1935 पासूनची. मीटिंग जवळपास कुठेही सापडते, फी नाही, आणि तलफ आली की फोन उचलणारा स्पॉन्सर, म्हणजे आधी दारू सोडलेला सोबती, असतो. अडतं ते एएच्या बारा पायऱ्यांतल्या पहिल्याच पायरीवर. दारूपुढे आपण हतबल आहोत, अशी ती कबुली. ज्यांच्या आजोबांना लहानपणी बोर्डिंग शाळेत नेऊन केस कापले, स्वतःची भाषा बोलले म्हणून मारलं, त्यांना ‘हतबल’ म्हणवून घेणं खटकणारच.

मोहिकन जमातीच्या डॉन कॉयहिस यांनी 1988 मध्ये व्हाइट बायसन ही संस्था काढली; वेलब्रायटी चळवळ तिचीच. पुढे तिने बाराही पायऱ्या मेडिसिन व्हील या नेटिव्ह परंपरेतल्या पवित्र चक्रावर मांडल्या: चार दिशा, प्रत्येकीत तीन पायऱ्या, सुरुवात पूर्वेपासून. म्हणजे पहिली पायरी इथेही टळत नाही. पण तिच्यासोबत घराण्याचं, जमातीचं दुःखही बोलता येतं. सेज या सुगंधी वनस्पतीचा धूर फिरवतात, मग गरुडाचं पीस हातोहात जातं; पीस ज्याच्या हाती, तोच बोलणार. कॉयहिस सांगतात, आजारी जंगलातलं झाड बाहेर नेऊन बरं केलं आणि परत तिथेच लावलं, तर ते पुन्हा आजारी पडणार. म्हणून कुटुंब आणि वडीलधारेही यात येतात. आपल्याकडे माळ घातलेल्याला दारूपासून आवरणारी जी दिंडीची नजर असते, तिची आठवण होते.

माझा कौल वर्तुळाकडे. मात्र पाचशेहून जास्त जमातींचे विधी सारखे नाहीत. दुसऱ्याच जमातीचा विधी परकाच वाटू शकतो. चर्चमध्ये वाढलेल्याला एए जास्त मानवेल. दोन्हीकडे जाणारेही आहेत.

रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र आधी डॉक्टर गाठावा. दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. अशा वेळी स्वेट लॉजमध्ये, म्हणजे तापल्या दगडांच्या वाफेने भरलेल्या विधीच्या झोपडीत, बसणं धोक्याचं. आणि स्वेट लॉजसाठी कुणी हजारो डॉलर मागितले तर तिथून निघावं: 2009 मध्ये ॲरिझोनातल्या सेडोनाजवळ एका बिगर-नेटिव्ह गुरूच्या अशाच महागड्या शिबिरात तिघे दगावले. ॲरिझोना, कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको, ओरेगन इथे पारंपरिक उपचारांना मेडिकेडमधून (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) पैसे द्यायला 2024 मध्ये मंजुरी मिळाली आहे, तेव्हा तिथे राहणाऱ्यांनी आधी जमातीच्या दवाखान्यात विचारावं.