दिसत नाही, मग दहा इंची टॅब कशाला? आठ महिन्यांच्या वापरानंतर

टॅब घेताना दुकानातल्या मुलाने विचारलंच, "ताई, दिसत नाही म्हणता, मग एवढा मोठा कशाला? फोन पुरे की." जाऊबाईंचंही तेच म्हणणं. तेव्हा मला धड सांगता आलं नव्हतं. आता सांगते: मोठा पडदा मला बोट फिरवायला लागतो.

फोनवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय, मी बरीच वर्षं वापरतेय. उजवीकडे स्वाइप केलं की पुढचं वाचतो, दोनदा टिचकी मारली की उघडतो. सगळं एका ओळीत, माळेच्या मण्यांसारखं. पानावर काय कुठे आहे, ते कळतच नाही. बोट टेकवून फिरवलं की त्याखाली जे असेल ते टॉकबॅक फोनवरही वाचतो, पण तिथे बोटाला जागाच नसते.

आमच्या १२ जणींच्या भिशीचा हिशोब माझ्याकडे असतो. नावं डावीकडे, महिने वर. फोनवर मे शोधताना जून लागायचा. टॅबच्या कडेला मी फुगीर टिकल्या चिकटवल्यात, प्रत्येक रकान्यासमोर एक. टिकलीपासून बोट सरळ खाली आणलं की कुणी भरले, कुणाचे राहिले, लगेच कळतं. दिवाळीच्या महिन्यात दोघींचे राहिले होते, ते पहिल्यांदाच मी कुणाला न विचारता शोधले.

टायपिंगही सुधारलं. 'ज्येष्ठा' लिहायचं तर ज, पाय मोडायचा, य, मात्रा, ष, पुन्हा पाय मोडायचा, ठ, काना. बोट सरकवत न्यायचं, हवं ते अक्षर ऐकू आलं की उचलायचं. मोठ्या बटणांमुळे ट आणि ठची गल्लत जवळपास थांबली.

पहिले पंधरा दिवस मात्र वाया गेले, कारण टॅब लावून देणाऱ्याने हिंदी आवाज ठेवला होता. 'माझा', 'चमचा', 'जरा' सगळं हिंदी वळणाने. सेटिंगमध्ये मराठी आवाज उतरवून घेतला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तरी 'चारा'तला च अजून 'चार'मधल्यासारखाच येतो. लिहिताना दोन्ही च सारखेच, त्यामुळे एवढं मी चालवून घेते.

खरी डोकेदुखी पीडीएफची. एका कार्यालयातून आलेला कागद उघडला, तर आवाज नुसती इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविराम बरळत सुटला. युनिकोड, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत देणारी पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असायची. डोळ्यांना मराठी दिसतं, टॉकबॅकला आत इंग्रजीच सापडतं. अशा पानाचं चित्र काढून ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सोयीतून, काढलं की बऱ्यापैकी वाचता येतं. पण दरवेळी हा खटाटोप आम्हीच का करायचा? युनिकोडमध्ये टाइप करायला जास्तीचा एक पैसा लागत नाही.

बँकेच्या ॲपमध्ये पिनच्या आकड्यांऐवजी दहा वेळा "लेबल नसलेलं बटण" ऐकू येतं. तीन मेल पाठवले, अजून तसंच आहे. तेवढ्यासाठी मुलाला बोलवावं लागतं, आणि पिन दुसऱ्याला सांगणं मला मुळीच पटत नाही.

बॅटरी दोन दिवस जाते. वजन एसटीत जाणवतं. मोठ्या पडद्यावर शेजारची बाईही वाचू शकते, म्हणून टॉकबॅकच्या मेनूतून पडदा लपवून ठेवते.

घेणार असाल तर दुकानातच टॉकबॅक चालू करा, मराठी आवाज मिळतो का बघा आणि स्वतःचं पूर्ण नाव टाइप करून पाहा. जोडाक्षर अडलं तर दुसरा टॅब मागा.