लॅपटॉपवरून अंगणात गाणं : कानबाई ते दिवाळी वापरल्यानंतर

आधी संच काय आहे ते. विंडोजचा साधा लॅपटॉप, त्याला यूएसबी साउंड कार्ड, त्यापुढे ऑडिओ आयसोलेटर, मग १०० व्होल्ट लाईनचा (लांब वायरीसाठी आवाज चढ्या व्होल्टेजवर पाठवणारा) ४० वॅटचा पीए, म्हणजे सभा-मंडपात वापरतात तसला, ॲम्प्लिफायर आणि चार वॉल स्पीकर : दोन ओट्यावर छज्जाखाली, दोन कंपाउंडच्या भिंतीला. दिव्यांसाठी १२ व्होल्टच्या पिक्सेल माळा (ज्यांतले दिवे वेगवेगळे लावता येतात), त्या चालवणारा ईएसपी३२ चिपचा कंट्रोलर आणि लॅपटॉपवर एक्सलाइट्स हे गाण्याच्या तालावर दिवे नाचवणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. श्रावणात कानबाईला, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या सणाला, जोडणी झाली. गणपती, नवरात्र करत दिवाळीपर्यंत चालली. जळगावचा पाऊस, ऑक्टोबरचा उकाडा आणि अधूनमधून जाणारी लाईट, तिन्ही तिने पाहिलं.

स्पीकर आणि ॲम्प्लिफायर, दोघांबद्दल तक्रार नाही. डोकं खातात ती लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर यांच्यामधली दोन हात वायर आणि घरातलं अर्थिंग. लोक नेमका उलटा खर्च करतात.

वॅटचा विषय आधी संपवू. साधारण वॉल स्पीकर १ वॅटवर १ मीटर अंतरावर ९० डेसिबलच्या आसपास आवाज देतो. अंतर दुप्पट झालं की उघड्यावर ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे ८ मीटरवर साधारण ७२ उरतात. तेही एकाच वॅटमध्ये! २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि खासगी जागेतल्या साउंडने हद्दीवर त्यापेक्षा फार तर ५ डेसिबल वर जायचं. म्हणजे घराच्या अंगणात आपण एक वॅटसुद्धा धड वापरत नाही. वरचं सगळं गाण्यातल्या ढोल-ताशाच्या ठोक्यांसाठी राखून ठेवायचं. म्हणून प्रत्येक स्पीकर ५ वॅटच्या टॅपवर (स्पीकरमधल्या ट्रान्सफॉर्मरवर किती वॅट घ्यायचे ते ठरवणारा जोड), चारांचे मिळून २० वॅट, आणि ॲम्प्लिफायर ४० चा. दुकानदार २५० वॅटचा गळ्यात मारायला बघेल, घेऊ नका. भोंगा तर मुळीच नको. लांबवर ओरडायला तो चांगला, पण त्यात संबळही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. एक मोठा स्पीकर जोरात लावण्यापेक्षा चार लहान हळू लावले की अंगणात सगळीकडे सारखं ऐकू येतं आणि शेजारी कुरकुरत नाहीत. रात्री दहाला बंद, आणि लाउडस्पीकरची लेखी परवानगी आधी काढा.

१०० व्होल्ट लाईन का, तर वायरीच्या लांबीमुळे. २० मीटर लांब स्पीकर म्हणजे जाऊन-येऊन ४० मीटर तांबं. बाजारात 'स्पीकर वायर' म्हणून मिळणारी ०.५ चौ.मिमी.ची बारीक वायर घेतली तर जवळपास दीड ओहम वायरीतच जातात. ८ ओहमच्या स्पीकरला हा मार मोठा आहे. १.५ चौ.मिमी.ची घेतली तर अर्धा ओहम. १०० व्होल्ट लाईनवर मात्र ५ वॅटचा टॅप म्हणजे २००० ओहम, चार मिळून ५००. तिथे वायरीचा दीड ओहम कुणाला कळतही नाही. शिवाय चारही स्पीकर एकाच दुपदरी वायरीवर समांतर जोडता येतात. दोन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. ८ ओहमचा, ट्रान्सफॉर्मर नसलेला स्पीकर चुकूनही १०० व्होल्टच्या टर्मिनलला लावू नका, एक तर ॲम्प्लिफायर ट्रिप होईल नाही तर जळेल. आणि या वायरीत मोठ्या आवाजाला खरोखर झटका बसण्याइतका दाब असतो, तेव्हा जोड उघडे ठेवून वर नुसती टेप गुंडाळणं चालणार नाही.

आता त्या दोन हात वायरीकडे.

लॅपटॉपची पिन ॲम्प्लिफायरच्या माइकच्या होलमध्ये घालू नका. माइकला काही मिलिव्होल्ट लागतात, लॅपटॉप देतो अर्धा-एक व्होल्ट. आवाज फाटतो आणि लोक स्पीकर खराब म्हणून परत करायला निघतात. 'ऑक्स' लिहिलेल्या जागीच लावा. पीए ॲम्प्लिफायर मोनो असतो, म्हणून डावा-उजवा चॅनल वायरीतच पिळून एकत्र करणारेही पुष्कळ; त्यात दोन्ही आउटपुट एकमेकांना ढकलत बसतात. विंडोजच्या ॲक्सेसिबिलिटीत ऑडिओखाली मोनोचं बटण आहे, ते चालू करून फक्त डावी वायर घ्या. वायरीतच करायचं असेल तर दोन्ही बाजूंना १ किलो-ओहमचा एकेक रेझिस्टर घालून मग जोडा.

मग घूं आवाज. चार्जर लावला की घूं, काढला की बंद, असं होत असेल तर दोष स्पीकरचा नाही. दोन पिनच्या चार्जरमधून फिल्टरच्या कपॅसिटरवाटे थोडा करंट लॅपटॉपच्या अंगावर येतो (धातूच्या कडेला बोट लावलं की मुंग्या येतात तो हाच), आणि ऑडिओ वायरीवरच्या तारेच्या जाळीतून ॲम्प्लिफायरच्या अर्थकडे वाट काढतो. तीन पिनचा चार्जर असेल तर दोन अर्थ त्याच जाळीतून भेटतात आणि वेटोळं तयार होतं. दोन्हीला औषध एकच, मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर. काही शेकड्यांत मिळणारी डबी आहे, गोलाणी मार्केटमध्ये 'ग्राउंड लूप' म्हणून मागा. स्वस्त आयसोलेटर खालचा बेस थोडा खातो. या स्पीकरमधून तसाही तो निघत नाही. अर्थची पिन तोडून घूं घालवणारे वायरमनही भेटतात. त्यांना चहा पाजा आणि परत पाठवा.

आयसोलेटर घालूनही बारीक घूं उरली तर मल्टिमीटर एसीवर ठेवून न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजा. दोन-तीन व्होल्ट ठीक, दहाच्या वर असेल तर अर्थिंगचा खड्डा बघायला हवा. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि खड्ड्यात पुरलेल्या अर्थच्या पट्टीपासून सुटते, खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं. पावसात तेच घर नीट वागतं, म्हणून दोष लवकर लक्षात येत नाही.

सगळ्यात फसवी खरखर वेगळीच. दिवे पांढरे झाले की स्पीकरमध्ये किर्र, माळ पळायला लागली की किर्रही पळते. लॅपटॉपमधून यूएसबी केबल थेट लाईटच्या कंट्रोलरला गेलेली असली की हे होतं. माळांच्या सप्लायची मायनस, लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर एकाच तारेत येतात आणि माळेने ओढलेल्या करंटचा प्रत्येक धक्का आवाजात उतरतो. यूएसबी फक्त प्रोग्रॅम टाकायला वापरा. रोज चालवताना डेटा वायफायवरून किंवा साध्या, जाळी नसलेल्या लॅन केबलने पाठवा. लॅनच्या पोर्टमध्ये मुळातच आयसोलेशनचा ट्रान्सफॉर्मर असतो. माळांची वायर आणि ऑडिओ वायर एका पाइपातून नेऊ नका, ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडा.

ब्लूटूथचं विचारणारे बरेच असतात. नुसती गाणी लावायला हरकत नाही, पण दिव्यांच्या तालाला नाही. साध्या ब्लूटूथला दीडशे-दोनशे मिलिसेकंद किंवा जास्तच उशीर होतो आणि तो रोज सारखा राहीलच असं नाही. एक्सलाइट्सची एक फ्रेम (दिवे बदलण्याचा एक टप्पा) २५ किंवा ५० मिलिसेकंदांची असते, म्हणजे ठोका पडायच्या चार-आठ फ्रेम आधीच दिवा लागून जातो. वायरीवर ही भानगड नाही. हवेतून यायलाही आवाजाला वेळ लागतोच, १० मीटरला सुमारे २९ मिलिसेकंद, पण तो एक फ्रेमभर उशीर डोळ्याला जाणवत नाही.

लॅपटॉपमध्ये एकदाच करून ठेवायच्या गोष्टी : साउंड स्कीम 'नो साउंड्स', व्हॉट्सॲप बंद (नाहीतर त्याची टुंग अख्ख्या गल्लीला ऐकू जाते), स्लीप बंद, झाकण मिटल्यावर 'डू नथिंग', आणि यूएसबीचं सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद. हे शेवटचं राहिलं तर गाण्यांमधल्या शांततेत साउंड कार्ड झोपतं आणि जागं होताना टप्प करतं. गाणी हार्ड डिस्कवरच ठेवा. ऑनलाइन वाजवली तर आरती चालू असताना मध्येच जाहिरात येते. इक्वलायझर एपीओ या सॉफ्टवेअरमध्ये ९० हर्ट्झच्या खालचं कापा, कारण स्पीकरमधला लाईन ट्रान्सफॉर्मर खोल बेसवर संपृक्त होऊन (आणखी झेपेनासं होऊन) ॲम्प्लिफायरवर भार टाकतो. ॲम्प्लिफायर शेवटी चालू करायचा आणि सगळ्यात आधी बंद.

लाईट गेली की खरी परीक्षा. चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर ॲम्प्लिफायर घुमतो, तिथे आयसोलेटरही काही करू शकत नाही. साइन वेव्हच हवा. इन्व्हर्टर नसेल तर लॅपटॉप बॅटरीवर गाण्याची वेळ मोजत राहतो, पण राउटर परत उठायला मिनिट-दोन मिनिटं घेतो आणि तेवढा वेळ माळा मेलेल्या राहतात. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की हे जवळजवळ संपतं.

पावसाने दोन गोष्टी शिकवल्या. एक, स्पीकरला जाणारी वायर वरून थेट आत नेऊ नका. आधी खाली झोळ द्या आणि खालून वर घाला, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकतं. स्पीकरचं तोंडही थोडं खाली झुकवा. दोन, कागदी कोनचा (आवाज काढणाऱ्या पडद्याचा) स्पीकर छज्जाखालीही दमटपणाने फुगतो, पॉलिप्रॉपिलिनचा कोन मागून घ्या. जोडांच्या डब्यांत मुंग्या घर करतात, म्हणून केबल ग्लँड (वायर डब्यात शिरते तिथलं आवळायचं बूच) घट्ट हवी. क्लॅम्पचे साधे लोखंडी स्क्रू गणपतीपर्यंतच गंजले. स्टेनलेसचे बसवल्यावर तो त्रास थांबला.

ज्यांच्याकडे नुसता ओटा आहे आणि वायर पाच-सात मीटरच्या पुढे जात नाही, त्यांनी हा १०० व्होल्टचा घाट घालूच नये. ८ ओहमचे दोन वॉल स्पीकर, साधा स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि १.५ चौ.मिमी.ची वायर पुरते, वर स्टिरिओ मिळतो तो वेगळा. आयसोलेटर मात्र त्यांनीही पहिल्याच दिवशी घ्यावा.