एक फ्यूज आणि पस्तीस हजार रुपये

एअर सस्पेन्शनची, म्हणजे हवेच्या बलूनवर उभी असणारी जुनी गाडी ज्यांच्या दारात आहे त्यांनी हे वाचावं. केज-मांजरसुंबा रस्त्यावर आमच्या दाजींकडून पस्तीस हजार रुपये उकळले गेले, आणि गाडीत बिघाड म्हणाल तर टायरमध्ये घुसलेला एक खिळा.

दाजींची गाडी ऑडी क्यू-७, सेकंडहँड. लातूरहून संभाजीनगरला लग्नाला निघालो होतो. दाजी, ताई, दोन लेकरं आणि मी. मागच्या उजव्या चाकाची हवा कमी होत चालल्याचं दिसलं. या गाडीची स्टेपनी घडी घातलेली असते, बरोबरच्या छोट्या कॉम्प्रेसरनं फुगवून मग लावायची. भर उन्हात तो उद्योग कोण करणार? समोर पंक्चरचं दुकान दिसलं, हळूच तिथवर गेलो. दाजी इंजिन बंद करायला लागले तर दुकानदार म्हणाला, "मालक, लेकरं हायत आत, एसी राहू द्या चालू. दोन मिनिटांचं काम हाय."

किती काळजी! आता वाटतं, खरी चाल तिथंच होती.

या गाडीला लोखंडी स्प्रिंगा नसतात, प्रत्येक चाकाला रबरी बलून असतो. चाकाजवळचे सेन्सर गाडी किती वर-खाली आहे ते सतत कॉम्प्युटरला कळवत राहतात. जॅक लावून एक कोपरा उचलला की चाक खाली लोंबकळतं. कॉम्प्युटरला वाटतं, हा कोपरा फारच वर गेलाय, म्हणून तो व्हॉल्व्ह उघडून त्या बलूनमधली हवा सोडून देतो. इंजिन बंद असतं आणि जॅक मोड (गाडीची उंची आपोआप बदलणं थांबवणारी सेटिंग) लावलेला असता तर हे झालं नसतं. इंजिन चालू होतं. पंक्चर काढता काढता चाकामागून सुस्स आवाज आलेला मी स्वतः ऐकला.

गाडी खाली सोडली तर मागचा कोपरा बसलेला. टायर आणि मडगार्डमध्ये बोट जाईना, स्क्रीनवर पिवळी खूण. "बलून फुटला की मालक. ह्या गाड्यांचं हेच असतं बघा."

खरं तर अशा वेळी जॅक काढून, सपाट जागी इंजिन चालू ठेवून थोडं थांबलं की गाडीचा कॉम्प्रेसर हवा भरतो आणि कोपरा आपोआप वर येतो. ते होऊ नये म्हणूनच पुढचं नाटक होतं. "कॉम्प्रेसर जळून जाईल, लाखाला पडेल," असं म्हणत त्यानं घाईघाईनं इंजिन बंद करायला लावलं, फ्यूजबॉक्सचं झाकण काढलं आणि एक फ्यूज उपटून खिशात टाकला. मग त्याच्या ओळखीचा मिस्त्री आला. इतका लवकर आला की बहुधा मागच्या टपरीवरच चहा पीत बसला असावा. त्यानं शाम्पूच्या पाण्याची बाटली खळखळून हलवली, चाकाच्या वर फवारली आणि फेस दाखवला, "हे बघा लिकेज." दाजींनी मान डोलावली. पण बलून रिकामा झालेला असेल तर बुडबुडे येणार कुठून? तो फेस बाटलीतलाच. खरं लिकेज असलं तर, बलूनमध्ये हवा असताना, एकाच जागी बुडबुडा फुगत राहतो. नुसता फेस बघता बघता विरून जातो.

बेचाळीस हजार सांगितले, पस्तीसवर तुटलं. बीडहून एक पोरगा मोटरसायकलवर खोकं घेऊन आला. जुन्या निवडणुकीच्या बॅनरचा आडोसा केला, "ऊन लागतंय" म्हणून. आतून पान्ह्याची ठोकाठोक ऐकू येत होती. काम झाल्यावर फ्यूज जागेवर गेला, इंजिन सुरू केलं आणि गाडी थाटात वर आली. पैसे यूपीआयनं, एका मोबाइल नंबरवर. बिल? "पाठवून देतो व्हॉट्सॲपला." काढलेला बलून म्हणून एक फाटकं रबर डिकीत टाकलं.

लग्न उरकून दाजींनी संभाजीनगरला एका जाणत्या गॅरेजवाल्याकडं गाडी दाखवली. त्यानं स्कॅनर लावला. कॉम्प्रेसरचा करंट तुटल्याची नोंद निघाली, लिकेजची एकही नाही. मग गाडी लिफ्टवर घेऊन मला खाली बोलावलं, टॉर्च मारला. "नवा" बलून टायर पॉलिशनं चकाचक काळा केलेला, पण त्याच्या वरच्या घडीत जुन्या चिखलाचा थर तसाच. खालच्या आर्मचा मोठा बोल्ट गंज आणि धुळीनं माखलेला, पान्ह्याचा एक ओरखडा नाही. तो बोल्ट काढल्याशिवाय बलून बाहेर येतच नाही म्हणे. आणि डिकीतलं ते फाटकं रबर? ट्रकमधल्या ड्रायव्हरच्या सीटखाली असतो तसला बेलो, म्हणजे हवेचा रबरी फुगा.

या रस्त्यावर रात्री-अपरात्री उठून प्रामाणिकपणे पंक्चर काढणारी माणसंही आहेत, त्यांना यात ओढू नका. पण अशा गाडीला हात लावण्याआधी "जॅक मोड लावला का?" असं ज्यानं विचारलं नाही, त्याला जॅक लावू देऊ नका. क्यू-७ मध्ये तो स्क्रीनवरच्या कारच्या मेनूत सस्पेन्शनच्या भागात सापडतो. दुसऱ्या गाडीत पद्धत वेगळी, मॅन्युअल बघा. मोड लावला की इंजिन बंद, चावी आपल्या खिशात, लेकरंबाळं गाडीबाहेर सावलीला. चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच सैल करून घ्यायचे, चोरबोल्टची (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या वेगळ्या बोल्टची) चावी डिकीत आहे का ते घरीच बघून ठेवायचं. उचलायच्या चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड लावा. जॅक फक्त खुणेच्या जागी. गाडी सव्वादोन टनांची आहे आणि आपल्याकडं रस्त्याच्या कडेला काळी माती. पाऊस पडून गेला असला तर जॅक लोण्यात सुरी जावी तसा आत जातो, म्हणून खाली जाड फळी हवीच. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणालाही खाली घुसू देऊ नका. गाडी उतरवल्यावर मोड बंद करून इंजिन चालू करा आणि चारही कोपरे वर येईपर्यंत हलू नका. रिकाम्या बलूनवर गाडी दामटली तर रबराची घडी चुकीची पडून ते खरोखर फाटतं, मग मात्र खर्च टळत नाही.

काही बदललंय असं कुणी म्हणालं तर नव्या मालाच्या खोक्यावरचा पार्ट नंबर आणि काढलेल्या मालावरचा नंबर जुळवून बघा, काम चालू असताना मोबाइलवर शूटिंग करा. ज्याचं काम खरं आहे त्याला आडोसा लागत नाही.

दुकानदाराला फोन केला तर तो म्हणतो मिस्त्री माझा नव्हे. मिस्त्रीचा फोन बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळं दाजी तिथंही जाणार आहेत. यूपीआयची पावती, स्कॅनरचा रिपोर्ट, गंजलेल्या बोल्टचे फोटो आणि ते सीटखालचं रबर, सगळं एका पिशवीत घालून ठेवलंय.