लिनन शर्ट की निटेड टी-शर्ट? दिवसभर काहीतरी बनवत बसणाऱ्यांसाठी

एका मैत्रिणीने विचारलं, स्टुडिओत दिवसभर बसायचं आणि संध्याकाळी क्लायंटला भेटायचं, तर घालू काय?

आरामात टी-शर्ट पुढे, कारण निटमध्ये धाग्याचे फास असतात, ते ताणले जातात, त्यामुळे वाकून कटिंग करताना खांद्यात ओढत नाही. लिनन ताणत नाही, ते सैलच घ्यायचं. पण उकाड्यात लिननला तोड नाही, घाम पटकन सुकतो आणि कापड अंगाला चिकटत नाही.

टिकायला लिनन भारी. ओलं झालं की त्याचा धागा उलट मजबूत होतो, पण कॉलरच्या घडीवर रोज कडक इस्त्री फिरवलीत तर तिथेच विरतं. टी-शर्टचा गळा सैल पडतो, काखेखाली कापडावर बारीक गोळे येतात. अ‍ॅक्रिलिक रंग वाळला की दोन्हींतून निघत नाही, तो विषयच सोडा.

दिसायला? लिननच्या सुरकुत्याही स्टायलिश वाटतात (फक्त लिननलाच हे माफ आहे बहुतेक).

रंग, माती, गोंद असेल तर गडद जाडसर टी-शर्ट. स्क्रीनवरचं काम नि मीटिंग असेल तर लिनन. मैत्रिणीला दोन्ही लागतं, तिने टी-शर्टवर लिनन उघडं घालावं आणि रंगाला बसताना काढून ठेवावं.