एअरलूम टोमॅटोच्या नावाखाली ४,६१५ रुपये गेले, आणि हंगामही गेला

एअरलूम म्हणजे पिढ्यानपिढ्या बी राखून जपलेल्या जुन्या जाती. जाहिरात बघून एका विक्रेत्याकडून त्यांचं बी घेतलं आणि फसले. आकडा आधी सांगते. पाच जातींचं बी, दहा बियांचं पाकीट ३४९ रुपयांना, म्हणजे १,७४५. ‘खास मिश्रण’ म्हणून गळ्यात मारलेलं खत आणि कोकोपीट १,८५०. कुरिअर १२०. नंतर ‘बदली रोपं’ देतो म्हणून घेतलेले ९००, ती रोपं आलीच नाहीत. एकूण ४,६१५ रुपये.

पहिली खूण हातावरच होती. पाकीट फोडलं तर बोटांना गुलाबी रंग लागला. हा बुरशीनाशकाचा लेप, कंपन्यांच्या संकरित बियांवर असतो तसा. घरी फळ आंबवून, धुऊन, वाळवून काढलेलं टोमॅटोचं बी फिकट पिवळट आणि लवदार दिसतं. विक्रेता तर म्हणत होता, ‘ताई, स्वतःच्या बागेतलं बी आहे.’ औषध लावलेलं बी असेल तर पाकिटावर तसं छापावं लागतं. माझ्या पाकिटावर ना लॉट नंबर, ना चाचणीची तारीख, ना उगवणीची टक्केवारी. असं पाकीट घेऊ नका. ‘अमेरिकेतून मागवलंय’ म्हणाला तर आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र मागा.

३ सप्टेंबरला पेरलं. सहाव्या दिवशी ५० पैकी ४७ बिया वर आल्या, म्हणून संशय मागे पडला. पण २५ सप्टेंबरच्या सकाळचं मला राहून राहून टोचतं. रोपांना तिसरं खरं पान आलं होतं. घेतलेल्या पाच जातींपैकी पिंक ब्रँडीवाइन या जातीचं पान बटाट्यासारखं असतं, रुंद, कडा जवळजवळ सरळ. माझ्या दहाही रोपांची पानं कातरलेली, शेजारच्या कुंडीतल्या चेरोकी पर्पल या दुसऱ्या जातीसारखीच. मी पान बोटांवर पसरून बघितलं, फोटो काढून विक्रेत्याला पाठवला. उत्तर आलं, ‘काही लॉटमध्ये साधं पान येतं.’ लाल ब्रँडीवाइनला खरंच साधं पान असतं, म्हणून मी मानलं. अर्धं खरं बोलणाऱ्यावर कुणीही विश्वास ठेवला असता. पण मी घेतलेली जात गुलाबी होती! त्याच दिवशी दुसरं बी टाकलं असतं तर हंगाम हातात होता.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला सगळी झाडं तीन फुटांवर थांबली, शेंड्यालाच फुलोरा. या पाचही जाती वेलासारख्या वाढत राहणाऱ्या. सहा फुटी काठ्या, २० लिटरच्या कुंड्या, बगलफुटी (पानाच्या बगलेतले कोंब) काढणं, सगळं त्या हिशोबाने केलेलं. डिसेंबरच्या मध्याला फळं पिकली. पाचही जातींची एकसारखी, लांबट, जाड सालीची, ७०-८० ग्रॅमची. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात क्रेटमध्ये येतात तीच. चेरोकी पर्पलचे हिरवट खांदे नाहीत, आतला काळसर लाल गर नाही. यातलं बी धरूनही ठेवू नका, संकरित असेल तर पुढच्या पिढीत फळं एकसारखी निघत नाहीत.

मग तक्रार. पोलीस चौकीत म्हणाले, ‘बी तर मिळालं ना तुम्हाला?’ शेतीच्या सरकारी कार्यालयात पहिला प्रश्न, ‘सातबारा आहे का?’ गच्चीवर कुंड्या असल्या तर फसवणूक फसवणूक राहत नाही का? पंचनामा शेतातल्या पिकाचा होतो म्हणे. तिथून ग्राहक म्हणून तक्रार नोंदवायला पाठवलं. ती नोंदवली, नंबर मिळाला, आणि पंधरा दिवसांनी ‘विक्रेत्याने माल पोचवला’ असा शेरा मारून बंद केली. माल पोचला नाही असं मी म्हटलंच नव्हतं! जात खोटी आहे म्हटलं होतं, सोबत पानांचे अकरा फोटो होते. एकानेही ते उघडून बघितले नाहीत. प्रत्येकाने पुढचं दार दाखवलं, आणि तोवर विक्रेत्याने नंबर बंद केला.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, मी तीन महिने घालवले. पाकीट, पावती, उरलेल्या बिया जपून ठेवा. एका जातीच्या दोनच बिया आधी पेरून पान बघा.

आता पुन्हा पेरायचं तर फुलोरा मार्चमध्ये येणार, आणि पुण्यात दुपार ३५ अंशांवर गेली की या मोठ्या फळांच्या जातींची फुलं गळतात. म्हणजे थेट पुढच्या ऑगस्टअखेरीला. दुसऱ्या नंबरवरून तीच जाहिरात आजही चालू आहे, ३४९ रुपयेच. त्या फोटोत गुलाबी फळाच्या मागे एक पान दिसतं, रुंद, सरळ कडेचं. तुमच्या रोपाचं तिसरं पान त्याच्याशेजारी धरून बघा.