वाजणारं प्यादं: लाकडी बुद्धिबळ, आठ महिने वापरून

"मामा, तुझं प्यादं वाजतंय," असं भाचा म्हणाला तेव्हा मला वाटलं, हरायला लागलाय म्हणून काहीतरी खुसपट काढतोय. पण त्याने ते काळं प्यादं कानाशी धरून हलवलं आणि माझ्या हातात दिलं. आतून टक् टक्. रिकाम्या डब्यात एकच वाटाणा राहावा तसं. संच आणून जेमतेम तीन आठवडे झाले होते.

आता आठ महिने झालेत. लिहायला बसलो संचाबद्दल, पण निम्मा मजकूर त्या प्याद्यावरच जाणार हे आधीच सांगून ठेवतो. ३४ सोंगट्यांपैकी ३३ गप्प बसतात आणि एकच बोलते, तर लक्ष जाणार कुणाकडे? त्यात डाव संपला की आठही काळी प्यादी पेटीत एकत्र पडतात, त्यामुळे हे महाशय दर डावात वेगळ्याच घरात उगवतात. कधी हत्तीपुढे, कधी थेट राजापुढे.

बाकीचं आधी उरकतो. नेहमीचा स्टॉन्टन घाट (स्पर्धांत दिसतो तोच), राजा ९५ मिमी उंच, बॉक्सवुड म्हणजे फिकट पिवळं टणक लाकूड, बुडात वजन, खाली हिरवं फेल्ट म्हणजे मऊ जाड कापड, दोन वजीर जादा. घेतला घोड्यांसाठी. बाकीच्या सोंगट्यांचा घाट लेथवर निघतो, घोड्याचं डोकं मात्र हाताने कोरावं लागतं. चांगल्या संचाचे पैसे मुख्यतः तिथे जातात. म्हणून फोटोत घोडे बघावेत, तेही समोरून. बाजूने सगळेच घोडे देखणे दिसतात, समोरून निम्मे मेंढ्यासारखे. माझे चारही घोडे समोरून घोडेच आहेत. एकाची मान जरा जाड आहे, पण हातकामात एवढं चालायचंच.

काळ्या सोंगट्या आबनुसाच्या नाहीत, काळ्या रंगवलेल्या बॉक्सवुडच्या आहेत. वर्णनात 'एबनाइज्ड' लिहिलेलं असतं, आपण घाईत 'एबनी', म्हणजे आबनूस, वाचतो. मी वाचूनच घेतलं होतं, तक्रार नाही. फक्त चौथ्या महिन्यात एक काळा घोडा फरशीवर पडला, कानाचा टवका उडाला आणि आतून पिवळंधमक लाकूड डोकावायला लागलं. काळ्या मार्करने भागवलंय. लाल पडौक लाकडाच्या संचावरही मन गेलं होतं, पण तो लाल रंग उजेडात हळूहळू तपकिरी होत जातो. लालसाठी जादा मोजायचे आणि शेवटी तपकिरी घेऊन बसायचं, हे मला जमलं नसतं.

जादा वजीर मला तेव्हा नुसता भपका वाटले होते. प्यादं वजीर झालं की हत्ती उलटा ठेवायचा, लहानपणापासून हेच करत आलोय. पण स्पर्धेत उलटा ठेवलेला हत्ती हा हत्तीच धरतात. भाचा आता स्पर्धा खेळतो, तेव्हा ते वजीर राहू देत.

माझी सगळ्यात मोठी चूक पटाची. घरात जुना ५० मिमी घरांचा पट होता, म्हटलं कशाला नवा. राजाचं बूड ४२ मिमी, म्हणजे घराच्या ८४ टक्के. किल्लेकोट केला, म्हणजे राजा हत्तीच्या आडोशाला नेला, की कोपऱ्यात गर्दीच्या वेळची लोकल. घराच्या पाऊण भागाएवढं राजाचं बूड असावं, हा हिशेब बरोबर बसतो. त्याहून सोपी परीक्षा प्याद्यांची: एका घरात चार प्यादी खेटून मावली पाहिजेत. माझ्या जुन्या पटावर चौथं बाहेर लोंबायचं. दोन महिने कुरकुर करून शेवटी ५५ मिमीचा पट घेतला. म्हणजे काटकसर करून दोन महिने वाया आणि खर्च तेवढाच.

आता प्यादं.

विक्रेत्याला कळवलं तर म्हणाले, व्हिडिओ पाठवा. पाठवला. "सर, व्हिडिओत आवाज येत नाहीये." खरंच येत नव्हता, फोन तो बारीक आवाज गाळून टाकत होता. मग प्यादं स्टीलच्या वाटीत ठेवून वाटी हलवली. आता उत्तर आलं, "हा वाटीचा आवाज आहे, सर." तिसऱ्या खेपेला दोन वाट्या घेतल्या, एकीत गप्प प्यादं, दुसरीत वाजणारं, आणि दोन्ही वाट्या फोनजवळ आळीपाळीने हलवल्या. घरच्यांनी त्या दिवशी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते.

तेव्हा मान्य केलं, पण वर म्हणाले, वजनाभोवती थोडी जागा ठेवावीच लागते, हा दोष नाही. मला वाटलं, ही शुद्ध पळवाट. पूर्ण संच मूळ पॅकिंगमध्ये परत करा म्हणाले. मूळ फोम मी कधीच फेकलेला. बरीच हुज्जत झाल्यावर एक सुटं प्यादं आलं. बाकीच्यांहून २ मिमी उंच, आणि काळा रंग निळसर. आठ काळ्यांच्या रांगेत ते नवीन गणवेशातल्या पोरासारखं दिसायचं. परत पेटीत.

या टप्प्यावर हा अनुभव लिहिला असता तर पाचपैकी दोन तारे दिले असते आणि दुसरा ताराही घोड्यांचा.

पाचव्या महिन्यात हवा कोरडी पडली. एका सकाळी पांढऱ्या राजाच्या बुडावर केसाएवढी उभी रेघ दिसली. नखाने चाचपली तर नख अडकलं. भेगच ती. तोपर्यंत राजा सगळ्यात शहाणा: जड, न वाजणारा, तिरका केला तरी सरळ उभा राहणारा. लाकूड कोरड्या हवेत आक्रसतं, आतलं धातूचं वजन आक्रसत नाही. वजन घट्ट ठासलेलं असेल तर लाकडाला जायला जागा नसते, मग ते फाटतं. म्हणजे 'जागा ठेवावीच लागते' हे विक्रेत्याचं म्हणणं खरं होतं. फक्त त्यांनीच ते राजाच्या बाबतीत पाळलं नव्हतं.

मग वाजणाऱ्या प्याद्याकडे मी नव्याने पाहिलं. हेअर ड्रायरने फेल्ट कोमट केलं, पातळ पात्याने कडेने सोडवलं. आत बोटाच्या पेराएवढा खड्डा, त्यात लोखंडाचा तुकडा. लोखंडच, कारण फ्रिजवरचं चुंबक टचकन चिकटलं. शिशाचा असता तर चिकटला नसता. गोंद सुटला होता, एवढाच रोग. तुकडा बाहेर काढला, खाली गोंदाचे दोन थेंब टाकून परत बसवला आणि भोवतीच्या फटीत कापसाचा बोळा सैलसर सारला. खड्डा गोंदाने भरून टाकायचा मोह झाला होता, पण राजाची भेग डोळ्यांसमोर होती. फेल्ट परत चिकटवलं. दहा मिनिटांचं काम. त्यासाठी मी तीन व्हिडिओ काढले होते.

वजनाचं एक सांगतो. 'दुहेरी वजन', 'तिहेरी वजन' या शब्दांना काही ठरलेलं माप नाही, ग्रॅममध्ये विचारा. माझी प्यादी २९ ते ३१ ग्रॅम, राजा ८५, आणि जादा वजिरांसह अख्खा संच दीड किलो. झटपट खेळात हात लागून सोंगटी कलंडते, सावरते, उभी राहते. हे सुख प्लॅस्टिकच्या पोकळ संचात नाही, आणि या एका सुखासाठी तिसरा तारा देतो. चौथा दिला असता, पण पेटीत अजून ते निळसर प्यादं आहे.

भाचा आता डाव मांडताना एकेक काळं प्यादं कानाशी नेतो. "गेलं ना ते," म्हणतो आणि थोडा हिरमुसतो. कुठलं होतं ते आता मलाही ओळखता येत नाही.

राजाच्या भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने बारीक खुणा करून ठेवल्या आहेत. दमट दिवसांत ती जवळजवळ मिटली, नखसुद्धा अडकत नव्हतं. कोरडे दिवस आले आणि ती खुणेच्या पुढे गेली, तर परत विक्रेत्याला गाठीन. या वेळी फोटो पुरेल, वाट्या लागणार नाहीत.